धूमकेतू परतवला कुणी?

जयंत नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ या कथेतले दत्तबाबू हौशी आकाशनिरीक्षक आहेत. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसावं आणि तहानभूक विसरावी, असा त्यांचा स्वभाव. एका रात्री त्यांना एक नवा धूमकेतू सापडतो, त्याला त्यांचं नाव मिळतं, वर्तमानपत्रांत फोटो येतात. पत्नी इंद्राणीला मात्र यात आनंद वाटत नाही. धूमकेतू दिसला की अरिष्ट येतं, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली असते. पुढे इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाच्या गणितातून निघतं की हा धूमकेतू खरोखरच पृथ्वीवर आदळणार आहे. निवडक शास्त्रज्ञ गुपचूप जमतात. अण्वस्त्रं घेऊन एक यान धूमकेतूच्या वाटेवर पाठवायचं आणि स्फोटाच्या धक्क्याने त्याला थोडं बाजूला ढकलायचं, असं ठरतं. लोकांत घबराट पसरू नये म्हणून हे सगळं गुप्त ठेवलं जातं. दत्तबाबू घरी परततात तेव्हा घरात शांतियज्ञाचा घाट घातलेला असतो. धूमकेतू वाट बदलतो, पृथ्वी वाचते आणि घरातली माणसं यज्ञ फळाला आला म्हणून हात जोडतात.

ही कथा वाचणारे बरेच जण इंद्राणीला हसून मोकळे होतात. मला तसं हसता येत नाही. तिच्या जागी उभं राहून पाहा. आकाशात संकट दिसलं, घरात यज्ञ झाला, संकट टळलं. यान गेल्याचं तिला कुणी सांगितलंच नाही. तिच्याजवळ जेवढी माहिती होती, तेवढ्यातून तिने काढलेला निष्कर्ष अगदी स्वाभाविक आहे. ज्यांच्याजवळ खरी माहिती होती त्यांनी ती कुलपात ठेवली आणि रिकाम्या जागेत श्रद्धा येऊन बसली. ज्ञान, समाज आणि श्रद्धा यांविषयी नारळीकरांनी आयुष्यभर जे मांडलं त्याचा गाभा मला या कथेत दिसतो. काम झालं, एवढ्यावरून ते कुणामुळे झालं हे ठरत नाही. ते ठरवायचं तर काय घडलं की आपलं म्हणणं खरं आणि काय घडलं की खोटं, हे आधी लिहून ठेवावं लागतं. ज्या दाव्याला खोटं ठरण्याची वाटच नाही, त्याला नारळीकर ज्ञानाच्या खात्यात धरत नसत.

वाशिमच्या वाचकाला आकाशातून येणारं संकट ही नुसती कल्पना वाटायचं कारण नाही. रिसोड तालुक्याची शीव ओलांडून बुलढाणा जिल्ह्यात शिरलं की लोणार फार लांब नाही. तिथलं सरोवर ज्या खड्ड्यात साठलं आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काळ्या बसाल्ट खडकात आघाताने पडलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत आणि त्यांतलं हे सर्वांत सुस्थितीतलं समजलं जातं. लोकांनी या खड्ड्याची गोष्ट आपल्या परीने सांगितली: इथे लवणासुर राहत होता, विष्णूने त्याला मारलं, गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्याची खूण. भूशास्त्रज्ञांनीही पुष्कळ काळ वेगळीच गोष्ट सांगितली. हा सगळा प्रदेश लाव्ह्याचा, तेव्हा हा खड्डा ज्वालामुखीचाच असणार, असं त्यांना वाटत होतं. १९७३ साली खडकांच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रचंड दाबाच्या धक्क्याने खनिजांची झालेली काच आढळली होती. ज्वालामुखीत इतका दाब निर्माण होत नाही, आकाशातून येणाऱ्या पाषाणाच्या आघातातच तो होतो. तिथे तो वाद मिटला. विवराचं वय तर त्यानंतरही बदललं. आधी ते सुमारे ५० हजार वर्षं धरत. पुढे आरगॉन वायूच्या मोजणीवर आधारलेल्या पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं. वय दहापटीहून अधिक वाढलं तरी शास्त्रज्ञांची अब्रू गेली नाही, कारण आधीचा आकडा कशावरून काढला होता आणि नवा कशावरून काढला, हे दोन्ही सर्वांपुढे मांडलेलं होतं.

नारळीकरांच्या कथेतला उपायही आता कागदावरचा राहिलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेचं ‘डार्ट’ हे यान डिमॉर्फोस नावाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आलं. हा लघुग्रह सुमारे १६० मीटरचा, आपल्याहून मोठ्या डिडिमॉसभोवती फिरणारा. त्याच्यापासून पृथ्वीला धोका नव्हता, धक्का देऊन वाट बदलता येते का एवढंच पाहायचं होतं. यात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक बाब. यान आदळण्याआधीच ठरलं होतं की, डिमॉर्फोसच्या एका फेरीचा वेळ किमान ७३ सेकंदांनी बदलला तरच प्रयोग यशस्वी म्हणायचा. प्रत्यक्षात ११ तास ५५ मिनिटांची फेरी जवळजवळ ३२ मिनिटांनी कमी झाली. पण समजा ती ४० सेकंदांनीच कमी झाली असती, तर? तर ‘थोडं तरी झालं ना’ असं म्हणायची सोय शास्त्रज्ञांनी स्वतःसाठी ठेवलेली नव्हती.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा, पण वाढले ते बनारसला. वडील विष्णू वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. घरात एक फळा होता. मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून एखादं गणित लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसत नसत. उत्तर विचारायला भाच्याने मामाकडे जायचं, म्हणजे हार मानायची. मला वाटतं, नारळीकरांच्या स्वभावाची घडण या फळ्यावर झाली. प्रश्न समोर उघडा लिहिलेला, उत्तर चूक की बरोबर ते गणितच सांगणार, मामाची मर्जी नव्हे. १९५७ साली बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले, गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले आले आणि फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ साली पीएच.डी. झाले. १९६५ मध्ये पद्मभूषण मिळालं तेव्हा त्यांचं वय तिशीच्याही आत होतं. १९७२ साली ते मायदेशी परतले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि १९८८ पासून पुण्यात ‘आयुका’ ही संस्था त्यांनी उभी केली. हॉइल स्वतःही विज्ञानकादंबऱ्या लिहीत. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ सालची. संशोधन करणाऱ्याने कथा लिहिणं कमीपणाचं नाही, हा धडा नारळीकरांना गुरूच्या उदाहरणातूनच मिळाला.

त्यांच्या पहिल्या मराठी विज्ञानकथेची हकिकत तर त्यांच्या विचारांशी तंतोतंत जुळणारी आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करून ना. वि. ज. केली आणि नारायण विनायक जगताप असं टोपणनाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. नाव लपलं, अक्षर लपलं, आता परीक्षकांपुढे उरली ती फक्त कथा. तिला पहिलं बक्षीस मिळालं. औषधाच्या चाचणीत रुग्णाला आणि डॉक्टरलाही कळू देत नाहीत की, गोळी खरी की साखरेची, त्यामागे हेच तत्त्व असतं. जगप्रसिद्ध माणसाने ही चाचणी आधी स्वतःच्या लेखनावर करून घेतली. पुढे चौतीस वर्षांनी त्यांनी ती ज्योतिषावर लावली.

त्या चाचणीकडे वळण्याआधी एक अडचणीचा प्रश्न घ्यायला हवा, कारण नारळीकरांवर टीका करणारे तो हमखास पुढे करतात. विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली, हे आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञ मानतात. नारळीकरांनी ते अखेरपर्यंत मानलं नाही. मग बहुमताविरुद्ध उभा राहणारा वैज्ञानिक आणि विज्ञानाचं न ऐकणारा भक्त यांत फरक काय राहिला?

हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला होता. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि मधल्या जागेत नवं द्रव्य निर्माण होत राहतं, असं त्याचं सार. १९६५ मध्ये पेंझिआस आणि विल्सन यांना सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी महास्फोटाचा पक्ष धरला. नारळीकरांनी हा पुरावा नाकारला नाही. ते प्रारण आहेच, प्रश्न ते कुठून आलं हा, असं त्यांचं म्हणणं. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी सिद्धान्ताचं नवं रूप मांडलं. त्यात विश्व आलटून पालटून फुगतं आणि आकसतं. ताऱ्यांचा प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांसारख्या कणांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला की तसं प्रारण मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आपला सिद्धान्त कशाने तपासता येईल हेही त्यांनी सांगितलं: महास्फोटवादी विश्वाचं जे वय सांगतात त्याहून जुने तारे शोधा. तसे तारे निर्विवादपणे सापडले नाहीत आणि त्यांची बाजू अल्पमतातच राहिली. माझ्या मते या वादात पुराव्याचं पारडं त्यांच्या विरोधकांकडेच झुकलेलं आहे. पण इथे फरक स्पष्ट दिसतो. आपण कुठे हरू शकतो ती जागा या माणसाने स्वतःच्या हाताने दाखवून दिली होती. सगळे म्हणतात म्हणून मान्य करायचं नाही, हा नियम त्यांनी पंचांगाला लावला तसा आपल्याच क्षेत्रातल्या बहुमतालाही लावला.

आता ज्योतिषाची चाचणी. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे पदवी अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा देशातल्या ज्या शास्त्रज्ञांनी उघड विरोध केला त्यांत नारळीकर होते. नुसता विरोध करून त्यांचं समाधान झालं नाही. २००८ मध्ये त्यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि ज्योतिषाचा जवळून अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर प्रत्यक्ष प्रयोग केला. शाळांमधून १०० हुशार मुलांच्या आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या जन्मवेळा मिळवल्या, कुंडल्या मांडल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि त्या सरमिसळ करून ठेवल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० कुंडल्या पाठवायच्या आणि त्याने फक्त सांगायचं, ही कुंडली कोणत्या गटातल्या मुलाची. भविष्य सांगायचं नव्हतं, घडून गेलेली गोष्ट ओळखायची होती.

इथे थोडं गणित करू, कारण सगळा जीव या गणितात आहे. कुंडली न उघडता नाणं उडवून उत्तरं दिली तर ४० पैकी साधारण २० बरोबर यायला हवीत. कधी १७ येतील, कधी २३. पण नुसत्या नशिबाने २८ किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी आहे. म्हणून २८ ही रेघ आधीच आखली होती. ज्याला २८ पेक्षा कमी मिळतील, त्याच्याजवळ नाण्याहून जास्त काही आहे असं म्हणता येणार नाही. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वाधिक गुण मिळाले २४, सरासरी यश ४६ टक्क्यांच्या आसपास. ज्योतिषाच्या एका संस्थेने २०० च्या २०० कुंडल्या तपासल्या, तिची १०२ उत्तरं बरोबर आली. निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगावर शंका घेता येते आणि ती घ्यावीही. नामवंत ज्योतिषी यात उतरले नाहीत, २७ ही संख्या लहान आहे, बुद्धी हा कुंडलीतला कठीण विषय आहे असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग सोपा विषय कोणता ते ज्योतिषांनी सांगावं, रेघ कुठे आखायची तेही ठरवावं, आणि मोठ्या संख्येने पुन्हा चाचणी करावी. नारळीकरांची भूमिका हीच होती. दारं बंद करून त्यांनी ज्योतिषाला अडाणीपणा म्हटलं नाही, त्याला परीक्षेला बसवलं. बहुतेकांच्या घरी लग्न जमवताना पत्रिका निघते, मंगळ पाहिला जातो आणि कैक मुलींचं आयुष्य एका चौकटीतल्या अंकावर अडून राहतं. अशा समाजात ही परीक्षा कुणीतरी घ्यायलाच हवी होती.

प्राचीन ज्ञानाच्या बाबतीतही त्यांनी हेच केलं. इसवी सन १०५४ मध्ये वृषभ राशीत एका ताऱ्याचा प्रचंड स्फोट झालेला दिसला. चिनी निरीक्षकांनी त्याची तारखेसह नोंद केली. तो तारा दिवसाही दिसत होता. भारतात इतके पंचांगकर्ते असताना इथे ती नोंद का नसावी, हा प्रश्न घेऊन नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांत शोध घेतला. निःसंशय म्हणावी अशी नोंद त्यांना मिळाली नाही आणि ती मिळाली नाही हेही त्यांनी छापून टाकलं. स्वदेशाचा अभिमान असलेल्या माणसाला हे सोपं नसतं. महाभारतकाळी अण्वस्त्रं होती, विमानं होती, असं म्हणणाऱ्यांना ते विचारत: मग त्या काळच्या राजवाड्यांत वीज आणि नळाचं पाणी असल्याचे उल्लेख कुठे आहेत? इतकं मोठं तंत्रज्ञान एकटं उगवत नाही, त्याच्या पायाला शंभर लहान गोष्टी लागतात.

वाशिमकरांना हा मुद्दा सहज पटावा. आपलं गाव म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म, हा अभिमान पुराव्याचा आहे. १९३९ साली दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला सापडला, याच शाखेतल्या हरिषेणाचा उल्लेख अजिंठ्याच्या शिलालेखात आहे, राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न याच नगरीत लावलं. तांबं आहे, दगड आहे, ग्रंथ आहे. एवढं खरंखुरं जवळ असताना नसलेल्या विमानांची गरज कशाला पडावी?

समाजाला ज्ञानापासून दूर ठेवलं की काय होतं हे ‘धूमकेतू’त दिसतं. त्याची उलट बाजू नारळीकरांच्या दुसऱ्या कथांत येते. ‘पुत्रवती भव’ मध्ये मुलगाच हवा या जुन्या हव्यासाच्या हाती नवं तंत्र पडतं. तंत्रज्ञान घरात आलं म्हणून विचार येतोच असं नाही, हे महाराष्ट्राने सोनोग्राफीच्या यंत्रांच्या बाबतीत पुढे भोगलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये राज्याला कायदा करावा लागला, १९९४ मध्ये देशाला. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मध्ये पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर इतिहास कसा झाला असता, हे एका प्राध्यापकाच्या अनुभवातून येतं. वरवर ती स्वप्नपूर्तीची गोष्ट वाटते, पण तिच्यातल्या गंगाधरपंतांना प्रत्येक पायरीवर पुरावा हवा असतो. ग्रंथालयात बसून ते कोणत्या पानावर इतिहासाची वाट फुटली ते शोधत राहतात.

हे सारं त्यांनी मराठीत लिहिलं, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. इंग्रजीत लिहून त्यांना जग मिळालंच असतं. मराठीत लिहिल्याने ते कारंज्याच्या, मानोऱ्याच्या वाचनालयात पोहोचले. शाळेतली मुलं सही मागायला आली की ते म्हणत, सही नाही देणार, मला पोस्टकार्डावर विज्ञानाचा एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि ते येत असे. वलयाची भूक असलेल्या पोराला ते प्रश्नाची सवय लावत होते. १९९६ मध्ये विज्ञानप्रसारासाठी त्यांना युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला, २०१४ मध्ये ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा. २०२१ मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एक विज्ञानलेखक निवडला गेला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

ज्योतिष चाचणीतले त्यांचे सहकारी दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात फिरायला निघाले असताना गोळ्या घालून मारले गेले. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षं झटले, तो त्याच वर्षी झाला. पुरावा मागणं किती महाग पडू शकतं, ते या एका तारखेवरून समजावं. म्हणूनच पुरावा मागण्याची सवय दोनचार माणसांवर सोपवून चालत नाही. ती गावोगावी असावी लागते.

तेव्हा आपल्याच जिल्ह्यात ती कशी लागू करता येईल ते पाहू. वाशिमची शेती मुख्यतः पावसावरची. सोयाबीन आणि तूर पेरायची, मृग कधी बरसतो याकडे डोळे लावायचे आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीचा खर्च उरावर घ्यायचा. अशा वेळी माणूस पंचांगातलं नक्षत्राचं वाहन पाहतो, अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावतो. यात हसण्यासारखं काही नाही. ज्याचं वर्षाचं पोट आभाळावर आहे तो आभाळाविषयी विचारणारच.

यातल्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या काढायला हव्यात. नक्षत्रं स्वतः चांगलं खगोलशास्त्र आहेत. सूर्य आकाशात कोणत्या ताऱ्यांच्या पट्ट्यात आहे यावरून ऋतू कळतो. ७-८ जूनच्या सुमारास तो मृगात जातो आणि त्याच सुमारास मोसमी वारे महाराष्ट्रात शिरतात. ऋतू सूर्यावर ठरत असल्यामुळे हे कॅलेंडर पिढ्यान् पिढ्या कामाला आलं. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू फिरत असल्याने ही तारीख सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते, एवढी दुरुस्ती ध्यानात ठेवली म्हणजे झालं. वाहनाचं तसं नाही. सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचं, आलेल्या संख्येला नऊने भागायचं आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांतलं वाहन ठरवायचं, अशी रीत आहे. बेडूक, म्हैस, हत्ती आले तर भरपूर पाऊस, मोर, गाढव, उंदीर आले तर मध्यम, कोल्हा, मेंढा आले तर ओढ. या बाकीचा आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा संबंध कसा जुळतो हे कुणी दाखवलेलं नाही. शिवाय एकच वाहन महाबळेश्वरलाही लागू आणि मंगरूळपीरलाही.

तरी नारळीकरांच्या रीतीने चालायचं तर आधीच ‘खोटं’ म्हणून उठायचं नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मुलांनी हे काम हाती घ्यावं. मृगापासून हस्तापर्यंतची नऊ नक्षत्रं, सहा तालुके, आणि महसूल मंडळांतल्या पर्जन्यमापकांच्या मागच्या वीस वर्षांच्या नोंदी. प्रत्येक तालुक्याच्या प्रत्येक नक्षत्रातल्या सरासरी पावसावरून भरपूर, मध्यम आणि कमी यांचे आकडे मिलिमीटरमध्ये आधी ठरवावेत, म्हणजे श्रावणसरीला कुणी मागाहून भरपूर म्हणणार नाही. मग जुनी पंचांगं काढून वाहनं उतरवावीत. मोजणाऱ्या मुलांना वाहन कोणतं ते माहीत नसावं, वाहनं उतरवणाऱ्यांना पावसाचे आकडे दिसू नयेत. ढोबळ तीन गट समान धरले तर नुसत्या अंदाजानेही तीनातलं एक उत्तर बरोबर येईल. त्याहून किती जास्त यश मिळालं की वाहनात तथ्य आहे म्हणायचं, तो आकडा संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडून काढून घ्यावा, कागदावर लिहावा, तारीख घालून सही करावी. एका दिवसाचा पाऊस सगळ्या तालुक्यांत एकदम येतो, त्यामुळे सहा तालुक्यांच्या नोंदी म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे धरता येत नाहीत, ही सावधगिरी त्या शिक्षकाने आवर्जून सांगावी. भेंडवळचं भाकीत जाहीर होतं त्या सकाळी त्याचंही प्रत्येक वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवावं आणि जे मोजता येण्याइतकं स्पष्ट नाही ते वेगळ्या रकान्यात लिहावं. हवामान खात्याच्या अंदाजालाही हाच न्याय लावावा. तोही आपल्या शेतकऱ्याचा कधीकधी घात करतो आणि तो किती वेळा चुकतो हे मोजून माहीत असणं पेरणीच्या दृष्टीने उपयोगाचं आहे. वाहनाचा अंदाज ठरवलेल्या आकड्यापलीकडे बरोबर निघाला तर तो मान्य करून कारण शोधायला लागावं, न निघाला तर तसं गावच्या चावडीवर आकड्यांसकट वाचून दाखवावं. आणि हे वाचन बाया-माणसं, म्हातारेकोतारे सगळ्यांसमोर व्हावं, इंद्राणीला कुणी सांगितलंच नाही असं पुन्हा होऊ नये.